गिळायला त्रास होणारे म्हातारे पेशंट: नर्सनी काय बघायचं, कसं भरवायचं आणि हात कधी आखडायचा

हे मुख्यतः नुकत्याच वॉर्डला लागलेल्या जीएनएम, बीएस्सी नर्सिंगच्या पोरापोरींसाठी लिहितेय, घरी केअरटेकर म्हणून जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. कोल्हापुरातल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात एक चक्कर मारा, गगनबावडा, चंदगड, शाहूवाडीकडून आलेला सत्तरीच्या पुढचा पेशंट दिसणार, एक बाजू लुळी, तोंड वाकडं, उशाशी सून नाहीतर मुलगी आणि तिच्या पिशवीत चहाचा थर्मास. "सिस्टर, सकाळधरनं पोटात काय न्हाई ओ आबांच्या, घोटभर च्या तरी देऊ की." आणि आपल्यातलंच कोणतरी घाईत म्हणून जातं, "द्या, पण पातळच द्या हं."

घोळ इथंच होतो. पातळ म्हणजे सोपं हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं बसलंय की ट्रेनिंग झालेली माणसंसुद्धा तेच सांगतात. तापात, पोट बिघडल्यावर पातळ द्यायचं हे ठीकच आहे, पण ज्याचा घसाच वेळेवर हलत नाही त्याला साधं पाणी, चहा, ताक हेच बऱ्याचदा सगळ्यात अवघड जातं.

कारण साधं आहे. घसा म्हणजे आपला कावळा नाका समजा, हवा आणि अन्न दोघांची वाहतूक एकाच चौकातून. गिळताना जेमतेम सेकंदभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, वरची झडप खाली येते, स्वरतंतू मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. स्ट्रोकमध्ये, पार्किन्सनमध्ये हा सिग्नल उशिरा पडतो. घट्टसर घास सावकाश सरकतो म्हणून त्याला थोडी सवड मिळते, पाणी मात्र सिग्नल पडायच्या आधीच सुसाट खाली उतरतं आणि श्वासनलिकेत शिरतं. असं चुकून श्वासनलिकेत जाणं म्हणजे एस्पिरेशन, त्यातून पुढे एस्पिरेशन निमोनिया.

आणि दुसरी गोष्ट जी नवीन स्टाफला पटायला वेळ लागतो: ठसका लागला नाही म्हणजे सगळं नीट गेलं असं नाही. घशातली जाणीव कमी झालेली असली की पाणी फुफ्फुसात जातं आणि पेशंट हूं की चूं करत नाही, याला सायलेंट एस्पिरेशन म्हणतात. दोन दिवसांनी ताप चढतो, छाती वाजायला लागते, ऑक्सिजन उतरतो, तेव्हा कुणाला तो चहा आठवत पण नाही.

संशय कुणावर घ्यायचा

स्ट्रोक तर आहेच, पण तेवढ्यावर थांबू नका. पार्किन्सन, डिमेन्शिया, तोंडाच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेले (तंबाखू आणि मिश्रीमुळे आपल्या भागात हे पेशंट कमी नाहीत), व्हेंटिलेटरवरून नुकतीच नळी काढलेले, आणि खुब्याचं हाड मोडून आलेल्या, महिनोन् महिने नीट न जेवलेल्या बारक्या आज्या. स्नायू झडले की गिळण्याचे स्नायूही झडतात. रात्री झोपेचं नाहीतर शांत राहायचं औषध दिलेला पेशंट सकाळी नाश्त्याला अर्धवट झोपेत असतो, हा पण त्याच यादीत धरा. तोंड कोरडं पाडणारी औषधं असतात, लघवीच्या घाईची, काही ॲलर्जीची, काही डिप्रेशनची, त्यांनी घास तोंडातच चिकटून राहतो. औषधांचा चार्ट बघताना एवढं डोक्यात ठेवा.

चिन्हं कशी ओळखायची? खाताना पिताना खोकला हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापेक्षा हे बघा: गिळल्यावर आवाज ओला, गुळगुळल्यासारखा येतो का, सारखं घसा खाकरतात का, डोळ्यातनं नाकातनं पाणी येतं का, लाळ एका बाजूनं गळते का, घास गालात साठवून ठेवतात का, एका जेवणाला अर्ध्या तासाच्या वर लागतो का, पाणी प्यायचं टाळतात का. वजन उतरलंय आणि वर्षात दोनतीनदा निमोनियासाठी ॲडमिट झालेत असं फाईलमध्ये दिसलं तर शंका आलीच पाहिजे.

नातेवाईकांना "गिळायला त्रास आहे का" असं सरळ विचारलं की "नाही ओ, खात्यात की चांगलं" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा, भाकरी कुस्करून द्यावी लागते का, चहा पिताना मध्येच थांबतात का, गोळ्या कशाबरोबर देता, पूर्वी भडंग चिवडा खायचे ते सोडलं का. उत्तरं आपोआप मिळतात. पेशंट स्वतः बोलणारा असेल तर ईट-१० नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी हवी. डिमेन्शियाच्या पेशंटला ती भरायला देऊन उपयोग नाही, तिथं डोळेच वापरायचे.

तोंडात काहीही घालायच्या आधी

स्ट्रोकचा पेशंट असेल तर नियम एकच, गिळण्याचं स्क्रीनिंग होईपर्यंत तोंडावाटे काही नाही, गोळी पण नाही, ॲस्पिरिन पण नाही, ओठ ओले करायला चमचाभर पाणी पण नाही. डॉक्टरांनी तोंडावाटे औषध लिहिलं असेल तर "सर, स्वॉलो स्क्रीन अजून झालं नाहीये, दुसऱ्या मार्गानं देऊ का" असं विचारायला लाजू नका. एनबीएमचा (तोंडावाटे काही नाही) बोर्ड पलंगाला लावा, मराठीत मोठ्या अक्षरात, "तोंडाने पाणी, चहा काहीही देऊ नये, आधी सिस्टरना विचारा". एनबीएम एवढंच लिहिलेलं गावाकडच्या माणसाला काय कळणार.

मग स्वतः पेशंटजवळ जा. जागा आहे का, निदान पंधरा मिनिटं जागा राहील का? हाक मारल्यावर बघतो, सोपी गोष्ट सांगितली तर करतो? "आबा, आ करा बघू", "जीभ बाहेर काढा". बसवता येतंय का, मान धरतो का? "खोका बघू जोरात" म्हटल्यावर खोकला दणकून येतो की नुसतीच फुंकर? "आ" म्हणायला लावून आवाज ऐका. स्वतःची लाळ गिळतोय का बघा. हे नीट नसेल तर पाण्याची टेस्ट करायचीच नाही, ज्याला स्वतःची लाळ गिळता येत नाही त्याला पाणी पाजून काय सिद्ध करायचंय?

आणि टॉर्च घेऊन तोंडात बघा, खरंच बघा. कवळी सैल आहे का, कालचा भात टाळ्याला वाळून चिकटलाय का, जिभेवर पांढरी बुरशी आहे का, आज्यांच्या हिरड्यात मिश्री बसलीय का. घाण तोंडानं टेस्ट करायची नाही, आधी साफ करायचं, कारण पाणी चुकून खाली गेलंच तर त्याबरोबर ती सगळी घाण फुफ्फुसात जाणार.

एक जुनी सवय मोडायला हवी. जिभेच्या मागे टंग डिप्रेसर लावून उमाळा येतो का बघायचं आणि आला तर "गॅग आहे, खायला द्या" म्हणायचं. गॅग रिफ्लेक्स असणं आणि सुरक्षित गिळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅग नसलेली बरीच धडधाकट म्हातारी माणसं मजेत जेवतात आणि गॅग असलेला पेशंट एस्पिरेट करतो.

पाण्याची टेस्ट

तुमच्या हॉस्पिटलचा स्वतःचा प्रोटोकॉल असेल तर तोच पाळा आणि ट्रेनिंग घेतल्याशिवाय एकट्यानं करू नका. साधारण पद्धत सांगते. ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी) असेल, डोकं ३० अंशाच्या वर करायला मनाई असेल, पेशंट गुंगीत असेल, आधीपासून नळीवर किंवा पावडर घालून घट्ट केलेल्या पाण्यावर असेल तर ही टेस्ट नाही, सरळ स्पीच थेरपिस्टना (बोलण्याबरोबर गिळण्याचंही तेच बघतात) नाहीतर डॉक्टरांना कळवा.

१. सरळ बसवा, सक्शन (तोंडातलं ओढून काढायचं मशीन) चालू करून बघा (नुसतं भिंतीवर असून चालत नाही), बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावा आणि आकडा लिहून ठेवा.

२. एक छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ मिली पाणी द्या. तुमची बोटं गळ्यावर हलकी ठेवा, तर्जनी हनुवटीखाली, मधलं बोट त्याच्या जरा खाली, बाकीची दोन कंठावर. गिळताना कंठ वर उचलला जातो तो बोटांना लागतो. उचलला का, लगेच की दोनतीन सेकंदांनी, एकदाच की एका चमच्याला तीनदा? मग "आ" म्हणायला लावा.

३. असे दोनतीन चमचे ठीक गेले तर ९० मिली पाणी कपातून, न थांबता प्यायला सांगा. स्ट्रॉ नको.

४. मध्येच थांबला, खोकला, ठसका, ओला आवाज, श्वास वाढला, तर टेस्ट फेल. पिऊन झाल्यावर पण निदान मिनिटभर तिथंच थांबा. ऑक्सिमीटरचा आकडा घसरला तर काळजी घ्या, पण आकडा घसरला नाही म्हणून पास समजू नका, तो एस्पिरेशन पकडायचं भरवशाचं साधन नाही.

फेल झाला तर एनबीएम, डॉक्टरांना कळवा, सलाईन आणि औषधांचा दुसरा मार्ग ठरवून घ्या, शुगर आणि इन्सुलिनचं बघा (तोंडानं काही नाही आणि इन्सुलिन चालूच, हे होऊ देऊ नका), आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट. स्ट्रोकच्या पेशंटचं गिळणं पहिल्या काही दिवसांत, आठवड्यांत बरंच सुधारतं, त्यामुळे एकदा फेल म्हणून कायमचा शिक्का मारू नका.

दुसरी पद्धत गस नावाची, २००७ मध्ये ऑस्ट्रियातून आलेली, एकूण २० मार्कांची. तिची चाल मला आवडते कारण ती घट्टसर पदार्थापासून सुरू होते, मग पाणी, मग घन. म्हणजे पेशंट पाण्याला नापास झाला तरी घट्टसर तरी जमतंय का ते कळतं, आणि त्याला उपाशी ठेवायची वेळ येत नाही. ज्यांच्या हॉस्पिटलला स्पीच थेरपिस्ट आहेत त्यांनी शंका आली की बोलवायचं, नळीच्या कॅमेऱ्यानं किंवा एक्स-रेच्या व्हिडिओत गिळणं प्रत्यक्ष बघता येतं, सायलेंट एस्पिरेशन खात्रीनं तिथंच सापडतं.

घट्ट म्हणजे नेमकं किती घट्ट

"थोडं घट्ट करून द्या" या वाक्याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा. म्हणून जगभर इड्सी नावाची पट्टी वापरतात, ० ते ७ पायऱ्या. ० म्हणजे साधं पाणी, ४ म्हणजे चमच्यावर गोळा राहणारं मऊ, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. पेयं ० ते ४ आणि खाणं ३ ते ७.

पेयाची टेस्ट १० मिलीच्या सिरिंजनं होते, सुई काढून. सिरिंजवरची ० ते १० पर्यंतची पट्टी ६१.५ मिमी असावी, सगळ्या कंपन्यांची तशी नसते, स्केल लावून एकदा मोजून घ्या. दट्ट्या काढा, खालून बोट लावून १० पर्यंत भरा, बोट सोडा, १० सेकंद मोजा, परत बोट लावा. आत १ मिलीपेक्षा कमी राहिलं तर पायरी ०, १ ते ४ मिली राहिलं तर पायरी १, ४ ते ८ तर पायरी २, ८ च्या वर राहिलं तर पायरी ३, आणि थेंबही सांडला नाही तर ४. ज्या तापमानाला पाजणार त्याच तापमानाला टेस्ट करायची, गरम असताना केलेलं पेज गार झाल्यावर दगड होतं.

मेडिकलमध्ये थिकनर पावडर मिळते. स्टार्चवाली असेल तर लाळेनं तोंडात आणि कपात परत पातळ होते, झँथन गमवाली तशी होत नाही. ज्यांना परवडत नाही ते घरी नाचणी, तांदळाचं पीठ, आरारूट शिजवून घट्ट करतात, चालतं, पण रोज सिरिंज लावून बघायला सुनेला शिकवा. एक धोक्याची गोष्ट: बद्धकोष्ठासाठीची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर स्टार्चच्या थिकनरमध्ये मिसळली की ते एकदम पाण्यासारखं पातळ होतं. आपण समजतो घट्ट दिलंय आणि पेशंट पितोय पातळ.

आता दुसरी बाजू पण सांगते. घट्ट केलेलं पाणी कुणालाच आवडत नाही, त्यामुळे पेशंट कमी पितो, लघवी पिवळी जर्द, जीभ कोरडी, मग इन्फेक्शन, भ्रम. घट्ट पाण्यानं निमोनिया टळतोच असंही पक्कं सिद्ध झालेलं नाही. म्हणून तपासणीशिवाय उगाच प्रत्येकाला थिकनर चालू करायचं नाही, आणि चालू केलं तर इनटेक चार्ट प्रामाणिकपणे भरायचा, हृदय किडनीचं बंधन नसेल तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास तरी जायला हवं, डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या.

आपल्या स्वयंपाकघरातलं काय चालतं

डाएट शीटवर सूप, कस्टर्ड, मॅश पोटॅटो लिहिलेलं असतं. पन्हाळ्याखालच्या वाडीत कस्टर्ड कोण करणार?

घट्टसर मऊ पिठलं, गुठळी नसलेलं, हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. हुलग्याचं माडगं, तांदळाची उकड, नाचणीची खीर, मऊभात वरणात घोटून एकजीव केलेला आणि गाळणीतून काढलेला, पातळसर शिरा, साय काढून घोटलेलं दही. भात मोकळा नको आणि चिकट गोळा पण नको. आंबील ताक घातलेली असते तेव्हा पातळच असते, ती घट्ट शिजवायची.

आता कोल्हापूरची खास अडचण. पेशंटला ताकद यावी म्हणून घरचे डब्यात अळणी नाहीतर पांढरा रस्सा घेऊन येतात, मटणाचं पाणी म्हणून. प्रेम आहे त्यात, पण हे शंभर टक्के पातळ आहे, वरून तेल मिरीचा झटका. नाही म्हणायचं नाही, सांगायचं की ह्याच अळणीत मऊभात घोटा, मिक्सरमधून काढा आणि मग आणा. चव तीच, पायरी बदलली. आबा खूश, सून खूश.

मिश्र पदार्थ सगळ्यात फसवे. मिसळ, अख्खा मसूर, पाण्यातलं पोह्यासारखं काही, दुधातली चपाती, म्हणजे पातळ आणि घन एकाच घासात. पेशंट घन चावत बसतो तोपर्यंत रस्सा घशात उतरलेला असतो. चहात बुडवलेलं बिस्किट पण त्यातलंच, आणि ते तर प्रत्येक वॉर्डात चालू असतं. आईस्क्रीम, जेली तोंडात वितळून पाणी होते, म्हणजे ती पातळच धरायची. भडंग, चिवडा, शेंगदाणे, कोरडी भाकरी, चिकट साबुदाणा खिचडी, द्राक्षं, मेथीसारखी तार येणारी भाजी, शेवगा, हे बंद. बारीक मऊ चालतं असं ठरलं असेल तर मोठ्या माणसाला तुकडा ४ मिमीच्या आत, म्हणजे काट्याच्या दोन दातांमधून जाईल एवढा आणि ओलसर. मऊ तुकडे चालत असतील तर दीड सेंमीपर्यंत.

भरवणं

हे काम मावशींवर किंवा नातेवाईकांवर टाकून आपण चार्ट भरायला बसतो, हे मला पटत नाही. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीवर असतो ते मान्य, पण पहिलं जेवण तरी नर्सनी स्वतः भरवायचं, नातेवाईकांना शेजारी उभं करून. नंतर त्यांनी भरवायचं आणि आपण बघायचं.

बसवायचं म्हणजे ९० अंशात, कंबर मागे टेकलेली, पाय टेकलेले, लुळ्या बाजूला उशी. पलंगाचं डोकं वर केलं आणि पेशंट घसरून अर्धा आडवा झाला, हे बसवणं नाही. तुम्ही उभं राहून भरवायचं नाही, स्टूल घ्या, डोळ्याला डोळा येईल असं बसा. उभं राहिलं की पेशंट मान वर करतो आणि वायुमार्ग मोकळा पडतो. हनुवटी थोडी छातीकडे. काहींना लुळ्या बाजूला मान वळवून गिळायला सांगतात, पण अशा खास युक्त्या थेरपिस्टनी किंवा डॉक्टरांनी त्या पेशंटसाठी सांगितल्या तरच, सगळ्यांना एकच औषध नसतं.

टीव्ही बंद, गप्पा बंद. चष्मा, ऐकायचं मशीन, कवळी घातलीय ना? छोटा चमचा, अर्धाच भरलेला. चमचा समोरून, खालच्या बाजूनं आणा, चांगल्या बाजूला जिभेवर ठेवा, किंचित दाब द्या आणि काढून घ्या, वरच्या दातावर खरवडून घास ओतायचा नाही. मग थांबायचं. "मिटा तोंड आबा... हां... गिळा." कंठ वर गेला, खाली आला. "आणि एकदा, नुसतंच गिळा." परत कंठ हलला. "आ करा." गालात बोटभर पिठलं राहिलंय लुळ्या बाजूला, तर जिभेनं काढायला सांगा नाहीतर गॉज गुंडाळलेल्या बोटानं काढा, चावायचा धोका असेल तर बोटाऐवजी स्वॅब. मग दुसरा चमचा. एवढा वेळ लागतो, आणि तो द्यायचाच. दर थोड्या चमच्यांनी आवाज ऐका. पेशंट दमला, डोळे मिटायला लागले की थांबा, उरलेलं दोन तासांनी. दिवसातून तीनदा ताट भरून देण्यापेक्षा पाचसहा वेळा थोडं थोडं बरं.

सिरिंजनं तोंडात पिचकारी मारणं, नाक दाबून पाजणं, झोपवून पाजणं, फीडिंग बॉटल, ही सगळी बंद. नातेवाईक हळूच करतात, म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

जेवण झाल्यावर अर्धा ते एक तास तसंच बसवायचं, आणि तोंड साफ केल्याशिवाय जायचं नाही.

गोळ्या

सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून एकत्र पाण्यातून, हे फार चालतं. पॅकवर एसआर, ईआर, एक्सएल, सीआर लिहिलेलं असेल तर ती हळूहळू सुटणारी गोळी, कुटायची नाही, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. पॅन्टोप्रॅझोलसारख्या आवरण असलेल्या गोळ्या कुटल्या की पोटातल्या ॲसिडनं वाया जातात. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही. हाडांच्या अलेंड्रोनेटला ग्लासभर साधं पाणी आणि नंतर अर्धा तास सरळ बसणं लागतं, गिळता न येणाऱ्या पेशंटला ती द्यायचीच नाही, डॉक्टरांना आठवण करा. सिरप, तोंडात विरघळणारी गोळी, पॅच, इंजेक्शन असा पर्याय आहे का फार्मासिस्टना विचारा.

पार्किन्सनच्या पेशंटचं वेगळंच. लेव्होडोपाचा डोस घड्याळ लावून, शक्यतो जेवणाच्या अर्धा पाऊण तास आधी, म्हणजे अंग मोकळं असताना जेवण होतं आणि गिळणंही सुधारतं. आणि एनबीएम केलं म्हणून लेव्होडोपा अचानक बंद करायचं नाही, ते धोक्याचं असतं, लगेच डॉक्टरांना विचारून नळीतून द्यायची सोय करा.

तोंडाची निगा

याला आपण शेवटचं काम समजतो. माझ्या मते हे थिकनरपेक्षा महत्त्वाचं आहे. थोडी लाळ तर प्रत्येकाच्या श्वासनलिकेत रात्री उतरतेच, निमोनिया होतो तो त्या लाळेतल्या जंतूंमुळे. म्हणून दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रश, थोडीच पेस्ट, आणि प्रत्येक जेवणानंतर पुसून घेणं. दात नसले तरी हिरड्या, जीभ, टाळू. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात. चूळ भरता येत नसेल तर डोकं कुशीवर, सक्शन जवळ. नळीवर असलेल्या, तोंडानं काहीच न खाणाऱ्या पेशंटचं तोंड तर जास्तच घाण होतं, आणि नेमकं त्याचंच राहून जातं. मिश्री सोडवायला आज्यांशी भांडू नका, आधी ब्रशनं साफ करून ओठाला व्हॅसलीन लावा, माया लावली की ऐकतात.

नाकातली नळी

राईल्स ट्यूब टाकली म्हणजे एस्पिरेशन थांबलं असं कुणी समजू नये, लाळ आहे, उलटी आहे. नळी टाकल्यावर सिरिंजनं हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावायचा, गुडगुड ऐकली की फीड चालू, ही पद्धत भरवशाची नाही, फुफ्फुसात गेलेल्या नळीतूनही आवाज येतो. पोटातलं पाणी ओढून पीएच ५.५ किंवा कमी आला तर ठीक, नाहीतर एक्स-रे. ॲसिडची गोळी चालू असलेल्यांचा पीएच चढलेला असू शकतो, शंका असेल तिथं एक्स-रेच. नाकाजवळचा मार्क लिहून ठेवा आणि प्रत्येक फीडच्या आधी बघा. फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, नंतरही अर्धा ते एक तास.

शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियाला मात्र पोटात नळी घालून आयुष्य वाढतं किंवा निमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, तिथं हातानं, सावकाश, आवडीचं भरवणंच सुचवतात. हा निर्णय घरच्यांचा आणि डॉक्टरांचा, पण प्रश्न ते आपल्याला विचारतात, रात्री, डॉक्टर नसताना. "नळी नाही घातली तर उपाशी मारल्यासारखं होईल का ओ सिस्टर?" त्यावेळी घाईत उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही. सांगायचं की त्या टप्प्यावर भूक तहान स्वतःच कमी होते, तोंड ओलं ठेवू, आवडेल तेवढे दोन चमचे देऊ, आणि उद्या सरांशी तुम्हा सगळ्यांचं बोलणं करून देते. आणि ते खरंच करून द्यायचं.

घास अडकला तर

खोकतोय, आवाज निघतोय, तर खोकू द्या, पुढे वाकवा, पाणी देऊ नका. आवाज बंद, हात गळ्याकडे, ओठ निळे पडायला लागले तर मदतीला हाक मारा, पुढे वाकवून खांद्यांच्या मधे पाठीवर पाच थापा, नाही निघालं तर पोटावर पाच झटके, आलटून पालटून. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, घास आणखी आत जातो. बेशुद्ध झाला तर सीपीआर. घास निघाल्यावरही विषय संपत नाही, डॉक्टरांना दाखवा, पुढचे दोन तीन दिवस ताप, श्वासाची गती, ऑक्सिजन बघत राहा, आणि काय खाताना झालं ते नोटमध्ये स्वच्छ लिहा. "ठसका लागला" एवढं पुरत नाही, "दुधातली चपाती खाताना, ४५ अंशात बसलेले, मुलगी भरवत होती" असं लिहा, म्हणजे पुढच्या ड्युटीला कळतं काय बदलायचं.

हँडओव्हर आणि डिस्चार्ज

हँडओव्हरला "बेड सातचं ओरल चालू" हे निरुपयोगी वाक्य आहे. कुठली पायरी, किती चमचे, कशा अवस्थेत, गोळ्या कशातून, गालात साठवतात का, कालपासून किती मिली गेलं, हे सांगा.

डिस्चार्जला कागद देऊन सह्या घेण्यापेक्षा जो घरी भरवणार आहे त्यालाच समोर करायला लावा. बऱ्याचदा डिस्चार्जला येतो मुलगा आणि घरी भरवते सून नाहीतर म्हातारी बायको, मग शिकवलेलं सगळं मुलाच्या खिशात राहतं. सिरिंज बरोबर द्या, चमचा कुठला ते दाखवा, घरातल्या ताटवाट्यांच्या भाषेत सांगा. ताप, छातीत घरघर, जेवताना नवीन खोकला, दिवसभरात लघवी एकदोनदाच, कपडे सैल व्हायला लागले, यातलं काही दिसलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता या असं मोठ्या अक्षरात लिहून द्या. गावच्या उपकेंद्रात वजनकाटा असतो, दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहायला सांगा, आणि ती वही पुढच्या खेपेला फाईलबरोबर आणायला सांगा, कारण घट्ट पाणी चालू ठेवायचं की काढायचं हे परत टेस्ट करून आणि त्या वहीकडे बघूनच ठरणार.